स्मारकाचा कठडा

आमच्या चौकात विशीत गेलेल्या हुतात्म्यांचं स्मारक आहे. त्याच्या ग्रॅनाइटच्या कठड्यावर स्केटबोर्डवाली पोरं मेणबत्ती घासतात, म्हणजे बोर्ड सरसर घसरतो. मेणबत्त्या श्रद्धांजलीतून उरलेल्या. परवा ही घसरण थांबवायला पालिकेने कठड्यावर बोटभर उंचीचे लोखंडी खुंट बसवले आणि शोभा जाऊ नये म्हणून दगडासारखेच काळे रंगवले. काल त्या पोरांमधली सायली रोजच्या वेगाने आली. बोर्ड खुंटाला अडला. ती पडली आणि तिचं मनगट मोडल्याचा आवाज मला बाकावर ऐकू आला.

"इथे खेळू नका म्हणून सांगितलं होतं ना," स्मारकाचा वॉचमन म्हणाला.

"मग कुठे खेळू, काका?" तिने कण्हत विचारलं.

शहराला तरुण आवडतात, पण दगडात नाव कोरलेले.

आज सकाळी पालिकेची माणसं तत्परतेने आली. त्यांनी बोर्ड अडला तो खुंट हलवून पाहिला. पक्का होता.