लाटण्यावर झोपलेला राघू

लग्न होऊन मी फोपनारहून बऱ्हाणपुरात आले, त्याला पुरते तीन महिने झाले नव्हते, तोवर सासरच्या दोन गोष्टी गेल्या. आधी गायीचं वासरू गेलं. मग चैत्र लागायच्या आतच परसातला आड आटला. वासरू हगवणीने गेलं होतं, आणि आड त्या साली अर्ध्या गल्लीचे आटले होते. पण आमच्या आत्यासासूबाई, म्हणजे माझ्या दिवंगत सासऱ्यांची बहीण, दर गुरुवारी गावातल्या इतवारा भागातून यायच्या. त्या ओसरीवर बसून, मला आत ऐकू जाईल एवढाच आवाज ठेवून म्हणाल्या, "वहिनी, पायगुण म्हणून काही असतं बरं."

सासूबाई तांदूळ निवडत होत्या, निवडत राहिल्या.

त्यांनी 'हो' म्हटलं असतं तर मी रडून मोकळी झाले असते. त्या बोलल्या नाहीत, म्हणून मला झोप येईना. रात्री पाय चटईवर ठेवले की मी ते पदराखाली झाकून घ्यायची, जणू पायांनाच कुणी बघत होतं. सतरा वर्षांची होते मी. अक्कल मात्र त्या मानाने फारच लहान होती. आता तिसरं काही जायला नको, एवढंच डोक्यात. आणि तिसरं जाण्यासारखं घरात काय उरलं होतं, तर सासूबाईंचा राघू.

हल्ली पोपट पाळणं कायद्यात बसत नाही, आणि तेच बरं आहे. तेव्हा घरोघरी पिंजरा असायचा. हा राघू उघडं पिल्लू असताना चिंचेच्या ढोलीतून खाली पडला होता. सासूबाईंनी भिजवलेल्या डाळीवर त्याला वाढवला, त्याला नऊ वर्षं झाली होती. माणसांशी त्या मोजकं बोलत. राघूशी मात्र सकाळच्या चहापासून सगळा हिशोब: रात्री गरम झालं का, दूधवाला का आला नाही, गुडघा कसा आहे.

आणि नेमकं तेव्हाच नणंदेचं बाळंतपण आलं. सासूबाई महिनाभरासाठी भुसावळला निघाल्या. त्या टांग्यात बसताना मला वाटलं, आता स्वयंपाकाचं सांगतील, आपल्या मुलाच्या डब्याचं सांगतील. त्या एवढंच म्हणाल्या, "राघूला बघ."

मी बघितलं. फारच बघितलं.

सासूबाई परत येतील तेव्हा घर असं दिसायला हवं की पायगुणाचं नावच निघू नये, असं मी ठरवलं. महिना सरत आला तशी भांडी चिंचेने घासली, फडताळं धुतली, शेवटी पिंजऱ्यावर आले. पिंजऱ्यात राघूच्या बसण्याची दांडी होती ती म्हणजे एक वाकडी, कुरतडलेली, विष्ठेने माखलेली काटकी. मला शरमच वाटली. एवढ्या लाडाचा पक्षी आणि हे आसन. मी ती काटकी उपसली आणि पाणी तापवायच्या बंबात घातली. तिच्या जागी सासूबाईंचं पापड लाटायचं लाटणं बसवलं. शिसवी, बारीक, लांब, वर्षानुवर्षं तेल पिऊन काळंभोर झालेलं. दोन्ही टोकं तारांच्या मधून बाहेर काढली. मग चार पावलं मागे येऊन कंबरेवर हात ठेवून बघितलं. राजाला सिंहासन मिळालं असं मला वाटलं. सतरा वर्षांच्या त्या मुलीला आज कुठे भेटले, तर तेच लाटणं घेऊन तिच्या मागे लागेन.

दिवसभर राघू लाटण्यावर कमी आणि तारांना लोंबकळून जास्त होता. मी समजले, आनंदाने खेळतोय.

त्या रात्री धप्प आवाज झाला. मग पंखांची फडफड, तारांवर आपटण्याचा खणखणाट, आणि एक किंचाळी. रॉकेलच्या चिमणीची वात मोठी करून पिंजऱ्यापाशी गेले. राघू तळाशी पंख पसरून पडला होता, चोच उघडी, डोळा गोल गोल फिरत होता. मी पहिल्यांदा मांजर शोधलं. पलंगाखाली, चुलीमागे, कोनाड्यात. मांजर नव्हतं. राघू हळूहळू तारांवर चढला आणि पहाटेपर्यंत तसाच लटकून राहिला. मी खाली बसून राहिले.

दुसऱ्या रात्री खिडक्या लावल्या, दाराला पोतं लावलं, पिंजरा चादरीने पुरता झाकला. उकाड्याने घरातली दोन माणसं भाजून निघाली. राघू पडलाच. या वेळी अंधारात त्याला वरखाली कळेना आणि तो इतका आपटला की सकाळी तळाशी रक्ताचा थेंब आणि हिरवं पीस होतं. ते पीस मी चोळीत लपवलं. कुणापासून लपवलं ते विचारू नका, घरात आम्ही दोघंच होतो.

ह्यांना सांगितलं. हे तहसील कचेरीत कारकून. ती वर्षं अशी होती की आसपासची संस्थानं एकामागून एक विलीन होत होती. आज एक गाव या जिल्ह्यात, उद्या दुसऱ्यात. हे नव्या याद्या उतरवून उतरवून बोटांना शाई लावून यायचे आणि आडवे झाले की मेल्यासारखे झोपायचे.

"अहो, राघू रात्री पडतो."

"राजेरजवाडे गादीवरून उतरून राहिले, तुझा राघू दांडीवरून उतरला. झोप."

"त्याला काही झालं तर आत्याबाई काय म्हणतील?"

ह्यांनी उशी उलटी केली. मग म्हणाले, "आत्या तर म्हणेलच." आणि कूस बदलून झोपले. धीर द्यायची ही त्यांची पद्धत.

तिसऱ्या दिवशी राघूने पेरूला तोंड लावलं नाही. बोलणंही बंद. सकाळी तो "माय, चहा" म्हणायचा, तेही नाही. मी मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली, देवापुढचा अंगारा त्याच्या डोक्याला लावायला गेले तर तो शिंकला. आणि मग माझ्या डोक्यात एक विचार आला, जो मला खरा वाटला म्हणून आजही अंगावर काटा येतो. मला वाटलं, पाखरू झोपलं की माणसासारखंच ढिलं पडत असणार. आजवर सासूबाईंच्या पुण्याईने हा टिकून होता, आता माझ्या पायाने पडायला लागला. तर याला बांधून झोपवायला हवं.

आमच्या गल्लीत घरोघरी माग, त्यामुळे सुताला तोटा नव्हता. संध्याकाळी राघू पेंगुळला तसा मी मऊ सूत घेऊन त्याचा एक पाय लाटण्याला बांधला. सैलच बांधला. मी स्वतःला फार दयाळू समजत होते.

अर्ध्या रात्री तो पडला, आणि या वेळी तळाशी पोचला नाही. उलटा टांगला. एक पाय वर सुतात, बाकीचा राघू खाली, आणि तो पंखांनी स्वतःला झोडपत होता. मी धावले, आणि पदराच्या वाऱ्याने चिमणी विझली. त्या काळोखात मला फक्त ऐकू येत होतं. फडफड, तारा, आणि मधूनच एक बारीक आवाज, लहान मूल गुदमरावं तसा. कात्री कुठे ते सुचेना. पिंजऱ्याचं दार चाचपून हात आत घातला, सूत दातांनी तोडावं म्हणून तोंड दारापाशी नेलं, तर त्याने माझ्या तर्जनीचा असा लचका घेतला की बोट तुटलं असं वाटलं. मी त्याला सोडला नाही. हे शौर्य नव्हतं, भीतीने मूठच उघडेना. सूत कशाने तुटलं ते आजही सांगता येणार नाही. उरलेली रात्र तो माझ्या मांडीवर, पदरात गुंडाळलेला, आणि त्याचं काळीज माझ्या तळव्यावर इतकं भराभर चाललं होतं की ते थांबेल या भीतीने मी ते मोजत बसले. थांबलं तर सकाळी सांगायचं कसं, याचीही जुळवाजुळव करत होते. मांजराने नेलं, म्हणणार होते. मांजरालाही पाय असतातच, दोष त्यांच्यावर गेला असता.

सकाळी टपालात पत्र आलं. बाळ-बाळंतीण सुखरूप, परवा पोचते. खाली एक ओळ: राघू कसा आहे.

मी पत्र हातात धरून उंबऱ्यात बसले होते, तोच शेजारची चाची दारात आली. तिच्या घरी पापडाचं पीठ मळून तयार होतं.

"बहू, तेरी सास का बेलन दे. पतलावाला."

मी म्हटलं, "ते पिंजऱ्यात आहे."

चाचीला वाटलं तिला नीट ऐकू आलं नाही. ती आत आली, पिंजऱ्यासमोर उभी राहिली, आणि तिने एका बोटाने लाटण्याला जरासा धक्का दिला. लाटणं गरगर फिरलं. दोन फेरे, तीन फेरे, सावकाश थांबलं. तिने माझ्याकडे बघितलं. मी लाटण्याकडे बघितलं.

"अरी बावली, बेलन तो बेलने के लिए होता है. इसपे तू सोके दिखा." मग माझं सुजलेलं बोट दिसल्यावर तिचा आवाज उतरला. "पेड की डाली डाल. छाल मत छील."

मी कडुलिंबाची फांदी आणली. चाचीने ती परत पाठवली, फार बारीक. दुसरी आणली, अंगठ्यापेक्षा जाड, मध्ये गाठ असलेली, साल खरखरीत. चाचीने ती दोन्हीकडून सुतळीने अशी आवळली की मला हलवता येईना. मग सांगितलं, चादर मागच्या बाजूनेच टाकायची, तोंडाकडून उजेड दिसू द्यायचा, आणि चिमणी बारीक करून कोनाड्यात ठेवायची. लाटणं घेऊन ती गेली. जाताना हसू दाबत होती, पण अंगणात पोचल्यावर तिला दाबता आलं नाही.

त्या रात्री मी पुन्हा जागी. राघू फांदीवर चढला, दोन्ही पायांनी ती चाचपली, सालीला चोच घासली. एक पाय पोटात ओढून घेतला, मान मागे वळवून पाठीच्या पिसांत खुपसली. एकाच पायावर, गाढ झोपेत, तो पडत नव्हता. बोटं फांदीभोवती आवळलेलीच. पाखराचे पाय झोपेतच घट्ट धरतात हे मला तेव्हा दिसलं, आणि तरी मी ओंजळ पिंजऱ्याखाली धरून बसले होते, तो पडलाच तर झेलायला. पिंजऱ्याला तळ होता हे विसरून.

सासूबाई आल्या त्या चपला काढून थेट पिंजऱ्यापाशी. राघू बोलला नाही. त्यांनी आधी फांदी बघितली, मग त्याच्या पायावरची सुताची लाल रेघ, मग माझं बोट.

"जुनी दांडी कुठे?"

"बंबात घातली."

"आणि?"

मी सगळं सांगितलं. लाटणं, मांजर, चादर, सूत. पायगुणाचंही तोंडातून निघालं, ते सांगायचं नव्हतं. सासूबाई ऐकत होत्या आणि फांदीच्या गाठीवरून अंगठा फिरवत होत्या.

"शेपटी खाली जाळीला घासतेय," त्या म्हणाल्या. "फांदी चार बोटं वर घे."

चाचीने आवळलेली सुतळी मला सुटेना. त्यांनी दुसरं टोक धरलं.

गुरुवारी आत्यासासूबाई आल्या. राघू गप्प आहे हे त्यांना बसायच्या आधीच दिसलं. मी आत कणीक तिंबत होते आणि हात पिठातच थांबले.

"वहिनी, राघूलाही काही झालं का हो? म्हणजे वासरू, आड, आणि आता…"

"पडला होता," सासूबाई म्हणाल्या. "बसायला गुळगुळीत होतं, म्हणून पडला. आता खरखरीत घातलंय. वासराला हगवण होती. आड तुमच्याही वाड्यातला आटलाय, तुमच्याकडे कुणाची सून आली?"

आत्याबाई चहा पिऊन लवकर गेल्या.

त्या वेळी मी सासूबाईंचे पाय धरायला हवे होते. मी काय केलं, तर फुगून बसले, की 'गुळगुळीत होतं' म्हणून त्यांनी माझी अक्कल पाहुण्यांसमोर काढली. रात्री पुन्हा चिमणी घेऊन पिंजऱ्यापाशी गेले, तर तिथे अंधारात सासूबाई आधीच बसलेल्या. त्याही जाग्याच होत्या.

"जा, झोप," त्या म्हणाल्या. "आज मी बघते, उद्या तू बघ."