चढताना सायकलवर, उतरताना पायी

माझा धाकटा भाऊ बापू गेला, त्याला सहा आठवडे झाले. त्या दिवशी मी मेथी निवडत होते, तेवढ्यात मीनलचा फोन आला. ही मीनल चितेगावला कंपनीत कामाला आहे आणि सुट्टीच्या दिवशी डोंगरात सायकल चालवते. बापूच्या सायकलच्या दुकानात तिचं नेहमीचं येणंजाणं. "आक्का, बापूकाका दुकानात बसल्या बसल्या गेले," एवढंच म्हणाली. मी मेथी झाकून ठेवली आणि निघाले. रडू तेव्हा आलं नाही, नंतरही फारसं नाही. जे आलं ते सांगायला बसले आहे. चौथी शिकलेली बाई मी, लांबण लावणार नाही.

आम्ही सोयगावकडचे. आईबाप लवकर गेले, बापूला मीच वाढवलं. लग्न होऊन शहरात आले तेव्हा त्याला बरोबर आणलं आणि शहागंजात एका सायकलवाल्याकडे कामाला लावलं. पंक्चर काढता काढता त्याला नाद लागला. दूधवाल्याची जड काळी सायकल घ्यायची, मडगार्ड, कॅरियर, चेनकव्हर काढून टाकायचं, मोटारसायकलचं रुंद हँडल बसवायचं, मिळतील तेवढे जाड टायर घालायचे आणि शहरालगतच्या सातारा डोंगरावरून दगडधोंड्यांतून खाली सोडायची. तेव्हा इथं हा खेळ कुणाला ठाऊक नव्हता. गीअर नाहीत, शॉकअप नाहीत. एका उतारात ब्रेकचे रबर झिजून जायचे. तो ते जळके रबर मला आणून दाखवायचा, "वास घे आक्का," म्हणायचा. मी हात झटकायची.

मग एकदा तो आपटला. गळ्याजवळचं हाड मोडलं, दोन दात गेले. दवाखान्यात मी त्याचा धड हात उचलून माझ्या गळ्यावर ठेवला. म्हटलं, "म्हण, सायकलवर बसून डोंगर उतरणार नाय. उतरलो तर आक्का मरंल." त्यानं म्हटलं. आमच्यात ज्याच्या गळ्याची आण, त्यानंच ती 'सुटली' म्हणायची असते. दुसऱ्याला सोडवता येत नाही. मला वाटलं, नाद संपला. पण मी उतरायला मनाई केली होती, चढायला नाही. बरा झाल्यावर तो दर रविवारी सायकल दामटत डोंगर चढायचा आणि ती हातात धरून पायी खाली यायचा. लोक हसायचे. "बापू, उलटं करतो की तू," म्हणायचे. हा म्हणायचा, "उताराचं आक्काला विचारा."

पुढं दिवस पालटले. त्याचं स्वतःचं दुकान झालं. गीअरच्या सायकली आल्या, पुढं मागं शॉकअप, चकतीचे ब्रेक. त्याच डोंगरावर शर्यती व्हायला लागल्या. सायकली बापूच्याच हातून तयार होऊन जायच्या. एकदा मीनलनं फोनवर जुना व्हिडिओ दाखवला. अमेरिकेतली पोरं जुन्या जड सायकलींचं सगळं काढून टाकून डोंगरावरून सोडत होती. एका उतारात ब्रेकमधलं ग्रीस जळायचं, खाली आलं की पुन्हा भरायचं. खेळ तिथून सुरू झाला म्हणे. बापूनं तो पुन्हा एकदा लावायला सांगितला. "आक्का, हे तर आपलंच हाय की."

"मग तिथंच जन्मायचं होतंस," मी म्हटलं.

मागच्या वर्षीच्या भाऊबीजेला ओवाळून झालं, तरी तो पाटावरून उठेना. म्हणाला, "औंदा ओवाळणी तू दे. आण सोड. एकदाच उतरतो."

"सत्तरीला आलास. हाडं गोळा करायला मी येऊ व्हय?"

"नको येऊ. नुसतं सुटली म्हण."

मी ताट उचलून आत गेले. तो जेवला, भाजीत मीठ कमी आहे म्हणाला आणि गेला. आता खरं सांगते. त्याच्या हाडांची काळजी कधीच सरली होती. भाऊ माझ्या शब्दाबाहेर नाही, हे चार बायकांत सांगायला मला आवडायचं, म्हणून मी ती आण धरून ठेवली. औंदा म्हणू, असं मनात होतं... तो गेला तेव्हा भाऊबीजेला नऊ दिवस उरले होते. तिरडी उचलताना मी "सुटली" म्हटलं. शेजारच्या बाईला वाटलं, त्याचा जीव सुटला म्हणतेय.

मीनलनं त्याची डोंगराची सायकल माझ्या ओसरीत आणून लावली आहे. बरोबर दुकानातला एक पत्र्याचा डबाही दिला. रोजची सायकल वेगळी होती, पण दर दसऱ्याला तो हिची पूजा करायचा आणि ब्रेकचे रबर बदलायचा. मी एकदा विचारलं होतं, "उतरत नाहीस तर बदलतोस कशाला?" म्हणाला, "तू कधी सोडशील, काय नेम? तयार असावं."

काढलेले सगळे रबर त्या डब्यात आहेत. मी एकेक हातात घेऊन अंगठा फिरवून बघितला. वाळून कडक झालेत, काहींना भेगा पडल्यात. झिजलेला एकही नाही.