कठड्याची उंची

समाधान शिंगाडेला कुणी विचारलं की तुम्ही काय करता, तर तो आधी घसा खाकरायचा. 'विहिरी मोजतो' म्हटलं की चिखलीतले शेजारी हसायचे. सगळी गल्ली कंपनीत जाणारी. कुणी प्रेसवर, कुणी पेंटशॉपला, कुणी गोदामात. आणि हा परभणीकडचा गडी बारा वर्षं एक टेप, टेपच्या टोकाला शिशाचं वजन आणि एक वही घेऊन मोटारसायकलवरून लोकांच्या विहिरींत डोकावत हिंडतोय. विहीर काय पळून जाते का मोजायला, असं शेजारचा रविराज दर दिवाळीला विचारायचा. विहीर पळत नाही, पाणी पळतं, असं समाधान दर दिवाळीला सांगायचा. रविराजला ते कधी पटलं नाही.

काम म्हटलं तर पोरखेळ. जमिनीखालच्या पाण्यावर नजर ठेवणारं एक सरकारी खातं आहे. त्या खात्याने गावोगाव काही विहिरी नेमून दिल्या आहेत. वर्षातून चार वेळा तिथं जायचं, कठड्यावरून टेप सोडायची, वजन पाण्याला टेकलं की आकडा घ्यायचा आणि त्यातून कठड्याची उंची वजा करायची. राहिलं ते जमिनीपासून पाण्यापर्यंतचं अंतर. ऑक्टोबरचा आकडा मागच्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा एक मीटरहून जास्त खाली गेला, तर ते गाव टंचाईच्या यादीत जातं आणि उन्हाळ्यात तिथं टँकर येतो. तेवढं खाली गेलं नाही, तर गावाला पाणी आहे असं धरतात. कागदावर तरी धरतात.

समाधान या कामात पक्का होता. पावसाळी चिखलात घसरून हात मोडला तेव्हाही त्याने डाव्या हाताने आकडे लिहून आणले होते. घरी बसून आकडे ठोकून देणारे महाभाग खात्यात नव्हते असं नाही, पण हा त्यातला नव्हता. त्याच्या वरच्या भूवैज्ञानिक जयमाला देशमाने मॅडम बैठकीत त्याच्या वहीचं उदाहरण द्यायच्या. एवढं असून बारा वर्षं नोकरी कंत्राटीच. दर मार्चअखेर सही झाली तर पुढचं वर्ष, नाही तर राम राम. बायको विजयश्री तळवड्याला पॅकिंगला जायची, मुलगी दिव्या आकुर्डीच्या कॉलेजात डिप्लोमा करत होती, आणि मार्च महिना त्या घराला कधी गोड लागला नाही.

यंदाच्या मार्चमध्ये तो चाकणच्या पलीकडे वाघदऱ्याला गेला, तेव्हा विहिरीपाशी पन्नास-साठ माणसं उभी होती. त्याने मोटारसायकल लावली आणि एका पोराने पुढे होऊन किल्ली काढून घेतली.

गावाची पाणीयोजना शिवरात्रीलाच आटली होती. बाया कंटेनरच्या रस्त्यापलीकडच्या एका गोदामाच्या नळावर जात होत्या, तिथला वॉचमन मनात आलं तर भरू द्यायचा. टँकर मागायला गेलेल्या सरपंचाला तालुक्याला सांगितलं होतं की तुमचं गाव यादीत नाही, तुमच्या विहिरीला पाणी आहे.

"आमच्या देखत मोजा," मंजुळाबाई म्हणाल्या. या गावातल्या तोंडाने फटकळ बाई. पुढे त्याच होत्या. "आन् मग सांगा, ह्यांच्या घरानं तुमाला काय खाऊ घालून पानी वाढवून घेतलं."

'ह्यांच्या घरानं' म्हणजे लक्ष्मणरावांच्या. विहीर त्यांची. रानाला लागून गोदामं झाली होती, जमिनीची बोलणी चालू होती, आणि कागदावर पाणी मुबलक दिसलं की भाव वाढतो, असं गावाने आपलं आपण जुळवून टाकलं होतं. लक्ष्मणराव मान खाली घालून बाजूला उभे. त्यांची बायको शालनबाई दारातच थांबली होती. एरवी समाधान आला की चहा ठेवणारी बाई, पण आज ती हललीसुद्धा नाही.

समाधानचे हात सवयीने चालले. टेप सोडायला तो गडबडीत पूर्वीसारखा पोट टेकून वाकायला गेला आणि त्याची नडगी सिमेंटवर आपटली.

कठडा गुडघ्याखाली होता. पूर्वी तो बेंबीला लागायचा.

मग त्याला सगळं आठवलं. श्रावणात मुरूम टाकणारा टेम्पो मागे घेताना ड्रायव्हरने जुना दगडी कठडा पाडला होता. लक्ष्मणरावांनी दोन थर विटांचे लावून वेळ मारून नेली होती. ऑक्टोबरात तो आला तेव्हा शालनबाईंनी भाकरी वाढता वाढता सांगितलं होतं, कठडा बुटका झालाय, लिहून घ्या. तो 'व्हय मावशी' म्हणाला होता. त्या दिवशी आणखी सात विहिरी राहिल्या होत्या. नव्या सिमेंटवर विहिरीचा नंबर त्याने स्वतःच्या हाताने रंगवला होता, आणि वहीच्या तक्त्यात छापून आलेली एक मीटर उंची तशीच ठेवून वजाबाकी केली होती. जानेवारीत तर त्याने तेवढाही विचार केला नाही.

त्याने टेप आडवी धरून कठडा मोजला. वीस सेंटिमीटर. म्हणजे पाणी होतं त्यापेक्षा ऐंशी सेंटिमीटर वर दाखवलं गेलं होतं. वाघदऱ्याची ऑक्टोबरची घट त्याच्या वहीत नव्वद सेंटिमीटर होती. खरी होती एक मीटर सत्तर. गाव यादीतून दहा सेंटिमीटरने राहिलं होतं, आणि ते त्याने ठेवलं होतं.

"किती भरलं?" सरपंचाने विचारलं.

त्याने आजचा आकडा सांगितला, पाणी फार खाली गेलंय, वर कळवतो म्हणाला. बाकी काही बोलला नाही. घाबरला होता, आणि पन्नास माणसांत कुणीही घाबरलं असतं. पोराने किल्ली दिली. गाडीला किक मारताना त्याने दाराकडे पाहिलं नाही.

संध्याकाळी त्याने विजयश्रीला सांगितलं. ती भाजी निवडत होती, ती निवडतच राहिली. सह्या कधी आहेत, एवढंच तिने विचारलं. मंगळवारी, तो म्हणाला. तिला राग आला होता आणि तो कुणावर काढावा ते तिला कळत नव्हतं, हे त्याला दिसत होतं. थोड्या वेळाने ती म्हणाली की मॅडमला सांगून टाका, त्या लोकांचं पाणी अडकवून आपल्या घशाखाली घास उतरायचा नाही. म्हणणं सोपं नव्हतं तिला. घरभाडं दोघांच्या पगारावर चाललं होतं.

मॅडमनी सगळं ऐकलं, वही मागवली, दोनदा वजाबाकी केली आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. रागावल्या नाहीत, त्याचीच त्याला जास्त भीती वाटली. सुधारित यादी पाठवता येईल, त्या म्हणाल्या. त्यासाठी विहिरीवर जाऊन पंचनामा करावा लागेल, मालकाची आणि पंचांची सही लागेल, आणि चूक कशी झाली त्याचं कारण लिहावं लागेल. कारणापाशी त्या थांबल्या. तुम्हाला माहिती असून नोंद केली नाही असं लिहिलं, तर मंगळवारी तुमच्या कागदावर कुणी सही करणार नाही. मीसुद्धा करू शकणार नाही.

"असं लिहा," त्या म्हणाल्या, "कठड्यात झालेल्या बदलाची माहिती विहीरमालकाने दिली नाही. गावाला टँकर मिळतो, तुमची नोकरी राहते. कुणाचं काही जात नाही."

वाईट बाई नव्हत्या त्या. चांगला माणूस हातचा जाऊ नये एवढंच त्यांना वाटत होतं. समाधानने ते वाक्य आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं. लिहून झाल्यावर त्याला हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याची लाजही वाटली.

सोमवारी अकराच्या सुमाराला वाघदऱ्याच्या विहिरीवर पुन्हा तेवढीच माणसं जमली. आज कुणी किल्ली काढून घेतली नाही, उलट मॅडमना खुर्ची दिली. पंचांसमोर कठडा मोजला, पाणी मोजलं, जुन्या आणि नव्या उंचीतला फरक लिहिला. मग मॅडमनी पंचनामा वाचायला घेतला. आकड्यांना लोक नुसत्या माना हलवत होते. कारणाचं वाक्य आलं आणि माना हलायच्या थांबल्या.

विहीरमालकाने माहिती दिली नाही.

"म्हंजे ह्यांनीच," मंजुळाबाई म्हणाल्या. त्यांनी आवाज चढवला नाही, चढवायची गरजच नव्हती. सगळ्यांनी लक्ष्मणरावांकडे पाहिलं. मागून कुणी तरी जमिनीच्या भावावरून काही बोललं, कुणी तरी थुंकलं. सरपंच म्हणाला, जाऊ द्या आता, सही करा, टँकर तर येऊ द्या. लक्ष्मणरावांनी बायकोला खूण केली. सातबाऱ्यावर विहीर शालनबाईंच्या नावाची होती, सही तिची लागणार होती.

"कर सही," ते म्हणाले. "मिटव."

शालनबाईंनी पेन घेतलं, पण कागद घेतला नाही.

"करते," त्या म्हणाल्या. "दिवाळीत यादी लागली तवापासून माझ्या दारात हळदीकुंकवाला कुणी आलं न्हाई. सुनेला मी बाळंतपणाला माहेरी धाडली, हितं पानवठ्यावर तिला बाया बोलू देईनात. सही करते मी. आदी ह्यांनी सांगावं. कठडा बुटका झालाय, लिवून घ्या, असं मी ह्यांना सांगितलं व्हतं का न्हाई?"

समाधानकडे सगळं गाव बघत होतं. नाही म्हणायचं होतं, बस्स. किंवा आठवत नाही म्हणायचं. 'आठवत नाही' या दोन शब्दांवर अर्ध्या कचेऱ्या चालतात आणि त्याबद्दल आजवर कुणाची नोकरी गेलेली नाही. त्याने मॅडमकडे पाहिलं. मॅडम कागदाकडे बघत होत्या. त्याला दिव्याची आठवण झाली, घरमालकाची झाली, मंगळवारची झाली.

"सांगितलं होतं, मावशी," तो म्हणाला. "ऑक्टोबरातच. जेवायला वाढताना."

मग त्याने मॅडमच्या हातातला कागद मागून घेतला, मोटारसायकलच्या सीटवर ठेवला आणि ते वाक्य खोडलं. मॅडम जवळ आल्या, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाल्या की समाधान, उद्या सह्या आहेत, विचार करा. त्याने विचार केलाय असं सांगितलं. खरं तर केला नव्हता. केला असता तर हात चालला नसता. खोडलेल्या ओळीखाली त्याने लिहिलं आणि समासात आपली सही केली. त्याचं वळणदार अक्षर आज वाकडंतिकडं आलं.

मॅडमनी दुरुस्त केलेला पंचनामा पुन्हा वाचला. भरभर वाचला, आणि त्या ओळीपाशी त्यांचा आवाज खाली आला. मुद्दाम आणला असं म्हणवत नाही. वाचून त्यांनी कागद शालनबाईंपुढे धरला.

"परत वाचा," शालनबाई म्हणाल्या. "मागल्यांना ऐकू गेलं न्हाई."

समाधानने मॅडमच्या हातून कागद घेतला. उद्यापासून आपण या खात्यात नाही, हे आता त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी तो त्या बुटक्या कठड्यावर चढून उभा राहिला, म्हणजे आवाज लांब जाईल.

"कठडा बदलल्याचे विहीरमालक श्रीमती शालनबाई यांनी मला वेळेवर सांगितले होते," त्याने मोठ्याने वाचलं. "मी नोंद केली नाही. चूक माझी आहे. समाधान किसन शिंगाडे."

मंजुळाबाईंनी पदर तोंडाला लावला होता. लक्ष्मणरावांनी पहिल्यांदा मान वर केली. शालनबाई मात्र समाधानकडे बघत नव्हत्या, त्या मागे वळून गर्दीच्या पार शेवटच्या माणसांकडे बघत होत्या.

"आलं ऐकू," तिकडून कुणी तरी म्हणालं.

मग त्यांनी सही केली.