पेरूवरची कीड आणि शेजारची शेळी

अहमदपूरच्या अंगणबागवाल्यांनो, नव्या जिल्ह्याच्या घोषणा आपण ऐकतोच आहोत. नळ मात्र कोरडा आणि झाडं किडीनं भरलेली.

आज सकाळी शेजारचे दत्ताभाऊ माझ्या पेरूवरचा पांढरा पिठ्या ढेकूण मारायला सोयाबीनचं उरलेलं जहाल औषध घेऊन आले. भिंतीपलीकडून राबियाआपा ओरडल्या, "थांबा! चारा न्हाई म्हणून शेळी याच पेरूचा पाला खाऊन राहिली. नातवाला तिचंच दूध हाय."

"मग किडे पाळायचे का?"

"पाळा की भाऊ, शेळीपेक्षा सस्ते पडतील."

बाटली उघडलीच नाही. किडक्या फांद्या छाटल्या, बाकीची पानं साबणाच्या पाण्यानं पुसली.

दुष्काळात अंगणातलं झाड एका घराचं राहत नाही. फवारणीचा पंप भरण्याआधी शेजारी जाऊन सांगून या.