बिरा नानांचा संशय

शोभा, जरा इकडं सरक, जवळ बस. फोनवर तुला दोन मिनिटं बसता येत नाही, निदान हे वाचताना तरी बस. पेनड्राइव्ह अजून आला नाही म्हणून परवा चिडलीस आणि माझं अर्धं बोलणं व्हायच्या आत फोन ठेवलास. आईवर असं चिडतात का गं? तुझ्या लेकीचं लग्न ठरलंय, तिला आपल्या आईचं लग्न बघायची हौस, हे मला कबूल. पण कॅसेट पेनड्राइव्हवर भरून कुरिअरनं फलटणला धाड, असं म्हटलं की काम झालं, असं तुला वाटतं. त्या कामात बिरा नाना पडले होते. ते माणूस कसे होते हे कळल्याशिवाय उशीर का झाला ते तुला कळायचं नाही.

आपल्या कवठे महांकाळला एसटी स्टँडच्या मागं नानांचं दुकान. पूर्वी तिथं रेडिओ, टेप, व्हीसीआर सगळं दुरुस्त व्हायचं. अलीकडं पुढं मोबाईलची कव्हरं टांगलेली आणि त्यांच्या मागं नाना. कॅसेट भरायची तर आधी मशीन चालायला हवं, म्हणून आपला व्हीसीआर मी शालीत गुंडाळून रिक्षानं घेऊन गेले. नानांनी त्याला हातच लावला नाही. आधी मला समोरच्या स्टुलावर बसवलं, चष्मा पुसला आणि पोलिसासारखं विचारलं, "कुनी उघाडला हुता?"

"कोणी नाही."

"सगळे असंच म्हनत्यात."

मग भिंग घेऊन ते एकेक स्क्रू बघत बसले. एका स्क्रूची खाच ओरबाडलेली निघाली. मी म्हटलं, "मला खरंच माहीत नाही हो नाना." तर म्हणतात, "तुमी न्हाई वैनी. पर तुमच्या घरात कुनीतरी हाय."

नानांचा कशावर म्हणून विश्वास नसायचा. चहावाल्यानं कप ठेवला की आधी आत वाकून बघणार, "दूध कालचंच हाय नव्हं?" पाऊस येणार असं मोबाईलवर दिसलं तर म्हणणार, "त्येला आमचा तालुका ठावं हाय का?" करंट मोजायचा त्यांचा स्वतःचा मीटर, तोसुद्धा आधी नव्या सेलला लावून तपासायचा आणि मगच कामाला घ्यायचा. मी एकदा हसले तर म्हणाले, "आमचा बा मेंढरं राखायचा. लांडगा कवा सांगून आलाय का?" बापाची मेंढरं सोडून नाना पोरवयात मिरजेला रेडिओ शिकायला गेले, पण नजर राखणदाराचीच राहिली.

आणि स्वतःवर कुणी संशय घेऊ नये याची तर केवढी काळजी. झाकण काढल्यावर मला म्हणाले, "खूण करा. उद्या म्हनाल, नानानं चांगला पार्ट काढून दुसरा बसीवला." माझ्या पिशवीत टिकल्यांचं पाकीट होतं. आतल्या एकेका भागाला मी टिकली लावली. ते मशीन असं नटलं की त्याचीच पाठवणी करायची आहे असं वाटावं. नाना काही हसले नाहीत. टिकल्या नीट चिकटल्यात का ते मात्र बोटानं दाबून बघितलं.

मग त्यांनी वास घेतला. मशीन उघडलं की आधी वास. "जळल्याला न्हाई," म्हणाले. आतला रबरी पट्टा जुना होऊन गुळाच्या पाकासारखा चिकट व्हायला लागला होता, तो त्यांनी काढून टाकला आणि डब्यातून दुसरा शोधून बसवला. आता झालं, असं मला वाटलं. पण नाना मधल्या गोल चकाकत्या ड्रमकडे बघत बसले. त्याला हेड म्हणतात. टेप त्याच्यावरून सरकते तेव्हा चित्र दिसतं. त्यांनी पांढऱ्या कापडाचा तुकडा स्पिरिटमध्ये बुडवून त्यावर धरला आणि हेड हातानं हळू फिरवलं. कापड तपकिरी झालं.

"वैनी, मशीन किती वरीस बंद हाय?"

"लई वर्षं. टीव्हीशेजारी विणलेल्या रुमालाखाली नुसतं ठेवलंय. कोणी लावत नाही."

"न लावल्याल्या मशीनच्या हेडवर टेपची ताजी भुकटी कुठनं येती?"

तेव्हा मग मी माझ्या मनातलं सांगून टाकलं. शोभा, तुला सांगायला लाज वाटते, पण ऐक. दुपारची भजनाहून आले की टीव्ही गरम लागायचा. वरचा रुमाल तिरका. आणि तुझे तात्या भिंतीकडे तोंड करून झोपलेले. काय बघत होता, असं विचारलं की म्हणायचे, "काय न्हाई." फौजेत हवालदार झालेला माणूस, झोपेचं सोंगसुद्धा सावधान अवस्थेत घेतो. मला मेलीला काय काय वाटलं. या वयात नको ते बघतात की काय, इथपर्यंत माझी मजल गेली.

नाना म्हणाले, "मानूस 'काय न्हाई' म्हनला, की काय तरी असतंय. कॅसेट आना."

दुसऱ्या दिवशी मी तुझ्या लग्नाची कॅसेट नेली. अक्षता, पंगत, तुझ्या आत्याचं रुसणं, सगळं लखलखीत दिसलं. आणि पाठवणी आली तशा पडद्यावर मुंग्याच मुंग्या. यावर कुणी दुसरं काही भरलं का, असं मी विचारलं. नानांनी कॅसेटच्या कडेची प्लॅस्टिकची चीप दाखवली. ती मोडलेली होती. "ही मोडली की वर काय भरता येत न्हाई. पुसल्याली न्हाई." मग त्यांनी टेप ओढून उजेडात धरली. तेवढी एक जागा विरलेल्या लुगड्यासारखी झाली होती.

"हितं कुनीतरी पॉज दाबून बसतंय. टेप जागची हालत न्हाई, पर हेड फिरतच ऱ्हातं. एकाच जागी घासतं. मशीनचा दोष न्हाई ह्यो."

कुठली जागा ते मला ठाऊक होतं. तू जीपच्या दारात पाय ठेवून मागं वळतेस, ती. तू तात्यांना शोधत होतीस आणि ते मांडवामागं भाड्याची पातेली मोजत होते. तू ते विसरली नाहीस. "माझ्यापेक्षा त्यांना भांडी जड झाली," हे तुझं बोलणं मला पाठ आहे. तेव्हापासून तू सकाळच्या गाडीनं येतेस आणि संध्याकाळच्या गाडीनं जातेस. बापलेक एका खोलीत बसून चहा पिता, आणि बोलता ते पावसापाण्याचं.

मशीन जोडून द्यायला नाना स्वतः घरी आले. वायरी लावल्या आणि तात्यांच्या समोर मांडी घालून बसले.

"हवालदार, पॉज दाबून किती येळ बसता?"

"मी कशाला बसू?"

"मग मशीन आपल्या आपन बसतंय व्हय? स्क्रू पन त्येनंच उघाडला का?"

"मुंग्या आल्या हुत्या. पुसाया उघाडलं."

"आनि त्याच जागी का थांबता? पुढं बघा की."

मी दारात उभी होते, हातात तांब्या. तात्या जमिनीकडे बघत म्हणाले, "पुढं गेलं की गाडी सुटती."

बस, एवढंच. मला वाटलं, आता नाना उलटतपासणी घेतील. मीटरला सेल लावून बघणारा माणूस. पण त्यांनी माझ्याकडे हात केला, तांब्या घेतला आणि आत न बघता घटाघटा पाणी प्यायले.

जाताना अंगणात चपला घालता घालता म्हणाले, "वैनी, पेनड्राइव्ह भरून देतो, पर ती जागा तिथं नुसती खराब दिसंल. लेकीला वाटंल, कॅसेट सांभाळली न्हाई ह्यांनी. त्यापरीस तिलाच बोलवा."

"ती येत नाही हो मुक्कामाला."

"मग धाडूच नका. भांडाया तरी यील."

म्हणून पेनड्राइव्ह आला नाही. आता कळलं?

गेल्या महिन्यात नाना गेले. मिरजेच्या दवाखान्यात मी भेटायला गेले होते, तर सलाईनच्या बाटलीकडे बोट दाखवून मला म्हणाले, "वैनी, तारीख वाचा वो जरा." वाचून दाखवली. तरी त्यांची मान हलेना, पुन्हा एकदा वाचायला लावली. मग विचारलं, "लेक आली?" मी म्हटलं, "येईल." माझ्याकडे त्यांनी असं बघितलं, की जणू तो स्क्रू मीच ओरबाडला होता. त्यांचं दुकान आता बंद आहे. असलं मशीन उघडणारं माझ्या माहितीत दुसरं कोणी नाही.

मशीन अजून चालतंय. त्या जागी मुंग्या येतातच, पण डोळे बारीक केले की जीपचं दार दिसतं, आणि तुझी मान वळलेली दिसते. तात्यांना मी काही बोलले नाही, तूही येऊन काही विचारू नकोस. नुसती शेजारी बस. नातीला घेऊन ये. दोन दिवसांचे कपडे घे. येत्या रविवारी जमलं तर बघ, नाही तर त्याच्या पुढच्या. पण लवकर ये, बाळा.