कळंबोलीच्या पुढची मुंबई

मुंबई पाहायला निघालेल्या माणसाला मुंबईपासून वाचवण्याचं काम उभ्या खानदेशात आमच्या थोरल्या मावशीच्या यजमानांइतकं चोख दुसऱ्या कोणी केलेलं नाही. दोन दिवस मोकळे आहेत, चार ठिकाणं पाहावीत, चांगलंचुंगलं खावं, एवढ्या साध्या अपेक्षेनं माणूस त्यांच्याकडे सल्ला विचारायला जातो. परत येतो तेव्हा त्याचं वजन वाढलेलं असतं आणि मुंबईबद्दलचं ज्ञान होतं तेवढंच राहिलेलं असतं. हा अन्याय आहे, आणि तो हसत हसत होतो म्हणून त्याच्याविरुद्ध आजवर कोणी ब्र काढलेला नाही. मी काढला. त्याचीच ही हकिगत.

नाना (सगळं धुळं त्यांना नानाच म्हणतं) तीस वर्षं हायवेवरच्या वजनकाट्यावर बसले. ट्रक काट्यावर चढला, वजन झालं, पावती फाटली, की ड्रायव्हर दोन मिनिटं खिडकीशी उभा राहायचा. बाकीचे काटेवाले त्या दोन मिनिटांत माल काय, चालला कुठे, हे विचारतात. नाना विचारायचे, "काल जेवला कुठे?" या एका प्रश्नावर त्यांनी अर्ध्या हिंदुस्थानाच्या पोटाची माहिती गोळा केली. कुठल्या ढाब्यावरची डाळ सोमवारी पातळ असते, कुठला आचारी भांडून निघून गेला, कुठे शेवभाजीला हात लावू नये, सगळं त्यांना तोंडपाठ. त्यांचा सिद्धांत असा, की ड्रायव्हरची जीभ खोटं बोलत नाही. भुसावळचा त्यांचा मेहुणा रेल्वेत होता. तो एकदा म्हणाला, "नाना, मुंबईत मला विचारा, मी दर महिन्याला जातो." नानांनी त्याच्याकडे दयेनं पाहिलं. "रेल्वेवाल्याची जीभ डब्यातलं खाऊन मेलेली असते. तू गप ऱ्हाय." मी मोबाईलवर नकाशा उघडून दाखवला, तर म्हणाले, "त्याला भूक लागते का? नाही ना? मग त्याला काय विचारायचं?"

आता यात गोम अशी, की ड्रायव्हर मुंबईला जातो म्हणजे मुंबईत जात नाही. त्याचा ट्रक भिवंडीच्या गोदामापाशी थांबतो, नाहीतर वाशीच्या बाजारात, नाहीतर कळंबोलीच्या लोखंडाच्या यार्डात. तो जेवतो तिथेच. म्हणून नानांच्या मुंबईत राणीचा बाग नाही, म्युझियम नाही, गेटवे नाही. भिवंडीचा दालफ्राय आहे, वाशीची भल्या सकाळची मिसळ आहे, आणि सगळ्याचा कळस म्हणजे कळंबोलीच्या सरदारजीचा ढाबा. आमच्या शेजारच्या नव्या जोडप्यानं लग्नानंतर दोन दिवसांच्या मुंबईचा कार्यक्रम त्यांच्याकडून लिहून घेतला. नाना कार्यक्रम वजनपावत्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहितात. दोन दिवसांना तीन पावत्या पुरतात. ती पोर परत आल्यावर बायकांनी घेरली, "काय काय पाहिलं गं?" ती बिचारी बराच वेळ आठवत राहिली आणि म्हणाली, "लोखंड." नंतर सावरून घेत म्हणाली, "पण पराठे छान होते."

शेजारणीचं एक वेळ जाऊ द्या, तिला पुढं आयुष्य पडलंय. माझं भांडण मावशीसाठी होतं. मावशी सातवीपर्यंत शिकली. शाळेत महाराष्ट्राचा नकाशा काढताना डाव्या अंगाला वरपासून खालपर्यंत निळी पेन्सिल फिरवायची, आणि ते काम तिच्याइतकं नीट कोणी करत नसे, असं ती अजून सांगते. ती निळी जागा एकदा डोळ्यांनी पाहायची, एवढीच तिची मागणी. दागिना नाही, तीर्थयात्रा नाही. तीन वेळा ती नानांबरोबर मुंबईला जाऊन आली आणि तीन वेळा समुद्र न पाहता परत आली. पहिल्या वेळी वाशीत जेवण लांबलं. दुसऱ्या वेळी नानांनी तिला पुलावरून खाडी दाखवली आणि म्हणाले, "हा घे समुद्र." मावशीला पलीकडच्या काठावरच्या इमारती स्पष्ट दिसत होत्या. घरी आल्यावर ती मला हळूच म्हणाली, "बाई, समुद्राला पलीकडचा काठ असतो का गं?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

तिसऱ्या वेळचा गुन्हा तर अक्षम्य होता. हिवाळा होता आणि नानांनी भरताची दहा किलो वांगी बरोबर घेतली होती. एवढ्यावर कोणाही खानदेशी माणसाला मी दोष देणार नाही. पण भरीत गॅसवर भाजणं म्हणजे वांग्याचा अपमान, ते कपाशीच्या वाळक्या काड्यांवरच भाजलं पाहिजे, आणि मुंबईत कपाशी पिकत नाही, म्हणून नानांनी गाडीच्या टपावर काड्यांचा भारा बांधला. धुळ्याहून कळंबोलीपर्यंत सगळे लोक वळून वळून बघत होते. यार्डाच्या मागे त्यांनी जाळ पेटवला, धुळ्या-अमळनेरचे वीस-पंचवीस ड्रायव्हर जमले, वांगी भाजली, ठेचली, मिरच्या-लसूण पडला, कळण्याच्या भाकरी सुटल्या. मावशीनं विचारलं, "आणि समुद्र?" नाना बोटं चाटत म्हणाले, "समुद्र काय पयी जाई ऱ्हायना?"

समुद्र पळून जात नव्हता हे खरं. मावशीचे गुडघे मात्र निकामी होत चालले होते. यंदा डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की इथून पुढे लांबचा प्रवास विसरा. नानांनी तरीही चौथ्या मुंबईच्या पावत्या लिहिल्या. मी त्या वाचल्या. आठ जेवणं, चार चहा, समुद्राचं नाव नाही. मी त्याच रात्री पत्रक लिहिलं आणि सकाळी छापून घेतलं. मथळा मोठ्या टायपात: "एका स्त्रीला समुद्र नाकारला जातो!" खाली तीन वेळचा इतिहास, मुद्देसूद, आणि शेवटी एकच मागणी. शंभर प्रती पिशवीत घालून मी गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसले. नाना खूश झाले. "चाल, तूबी चाल. तुले सरदारजीनं जेवण खावाडस."

दुसऱ्या दिवशी दुपारी कळंबोलीत जाळ पेटला. ड्रायव्हर मंडळी नानांभोवती बसली होती, नाना वांगी उलटीपालटी करत एकेकाला त्याच्या गावाच्या नावानं हाका मारत होते. मी पत्रकं वाटली. एक पांढऱ्या मिशांचा ड्रायव्हर कागद हातात घेऊन उठला.

"काय नाना? अक्काले आजपावत समुद्र नही दखाडा?"

"अरे, वेळच नही मिळना..."

"ही चौथी खेप आणि अजून वेळ नाही?" दुसरा म्हणाला. "आमच्या ट्रकमधला क्लीनरसुद्धा समुद्र पाहून आला, नाना!"

"मिसळ खायला वेळ मिळतो ना?"

नाना हसले, पण एकट्यानंच. मिशीवाल्यानं त्यांच्या हातातला चिमटा काढून घेतला. "भरीत आम्ही करी लेतस. गाडी आठेच ऱ्हाऊ द्या, तुम्ही निंघा." आणि त्यानंच रस्त्यावर जाऊन टॅक्सी थांबवली.

मी जिंकले होते. टॅक्सीत मी नानांना बरंच काही ऐकवायचं ठरवलं होतं, पण ते खिडकीला टेकून बसले होते आणि दुकानांच्या पाट्या मनातल्या मनात वाचत होते. पुढे आलेल्या प्रत्येक ट्रकची नंबरप्लेट ते वाकून पाहत. धुळ्याची एकही नव्हती. चढते पूल, उंच इमारती, गर्दी. ज्या माणसाला मी आयुष्यात दोन मिनिटं गप्प पाहिलं नव्हतं, तो दीड तास गप्प होता. टॅक्सीवाल्यानं विचारलं, "किधर उतरना है, चाचा?" नानांनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कळंबोलीपर्यंत ते नाना होते. तिथून पुढे ते कोणाच्याच ओळखीचे नव्हते, आणि हे त्यांना माझ्या आधी कितीतरी वर्षं ठाऊक होतं.

चौपाटीवर मावशीनं चपला काढून नानांच्या हातात दिल्या आणि पदर खोचून सरळ पाण्याकडे चालत गेली. त्या वेळी तिच्या गुडघ्यांना काही झालेलं दिसलं नाही. नाना वाळूत बूट रुतवून उभे राहिले. शेजारून भेळवाले, फुगेवाले, पोरं, कुत्री जात होती. कोणी थांबून नमस्कार केला नाही. मग त्यांनी माझ्याकडे न बघता हळूच विचारलं, "आठे काय चांगलं मियस गं खावाले?"

माझ्या पिशवीत अजून सत्तर पत्रकं होती. मी म्हटलं, "भेळ मिळते, नाना." ते म्हणाले, "बरं." त्यांनी ती शेवटपर्यंत खाल्ली. तिखटाबद्दल, शेवेबद्दल, चिंचेच्या पाण्याबद्दल एक शब्द काढला नाही.

मावशी घोट्याइतक्या पाण्यात खूप वेळ उभी होती. तिनं मागे वळून हाक मारली, "अहो, या ना!"

"तू देख. मी आठेच उभा शे."

ती परत आली, तेव्हा लुगड्याचा काठ भिजून पायाला चिकटला होता. नानांनी चपला तिच्यापुढे ठेवल्या. "झालं समाधान?"

"मोठा शे," मावशी म्हणाली.

नानांनी पहिल्यांदा मान वर करून पाण्याकडे नीट पाहिलं. पलीकडचा काठ कुठे दिसत नव्हता. "हं," ते म्हणाले, "भलता मोठा शे." आणि त्यांनी मावशीचा हात धरला. रस्त्यापर्यंत वाळू खोल होती, लोकांची रेटारेटी होती. बघणाऱ्याला वाटलं असेल, म्हातारा बायकोला सांभाळून नेतोय. मी मागून चालत होते. मावशीची पावलं सरळ पडत होती.