आत्यांनी तोडलेलं पपईचं झाड

जगात कुठलीही गोष्ट विनाकारण घडते यावर माझ्या नवऱ्याच्या आत्यांचा विश्वास नाही, आणि आमच्या घरात ते कारण बहुतेक वेळा मीच असते. दूध नासलं, तर मी पातेलं नीट विसळलेलं नसतं. काष्टीहून आमच्याकडे श्रीरामपूरला येताना त्यांची एसटी वाटेत बंद पडली, तर मी "निघालात का?" असं फोनवर विचारलेलं असतं. चार वर्षांत मला तीनदा दिवस गेले आणि तीनदा तिसऱ्या महिन्यातच सगळं संपलं, तेव्हा तर आत्यांना कारणं शोधायला वेळ पुरेना. पहिल्या वेळी मी स्कूटीवरून बँकेत गेले होते. दुसऱ्या वेळी उंबऱ्यावर बसून शेंगा फोडल्या होत्या. तिसऱ्या वेळी मी काहीच केलं नव्हतं, नुसती पलंगावर पडून होते, तर म्हणाल्या, "लई पडून ऱ्हायलं की बी तसंच हुतं."

त्या तिसऱ्या वेळी त्या मला भेटायला येऊन राहिल्या होत्या, त्याच मुक्कामात त्यांना आमच्या परसातलं पपईचं झाड दिसलं. मी पपईला हातही लावलेला नाही, हे मी परोपरीनं सांगितलं. "खाल्ली नसंल, पन वारा तर त्याच्यावरनंच येतो ना," म्हणत त्यांनी पदर खोचला, कोयता मागितला आणि सत्तरीच्या हातांनी झाड आडवं केलं. ते झाड नर होतं. फुलांखेरीज त्याला कधी काही लागलं नव्हतं. मी हे सांगितल्यावर त्यांनी शांतपणे विचारलं, "मंग ठिवलं कशाला हुतं?" म्हणजे चूक पुन्हा माझीच. त्या दिवशी मी मोरीत नळ सोडून रडले, आणि पुढचे कित्येक महिने आत्यांचा फोन घेतला नाही.

यंदा आम्ही रक्ततपासणीचा रिपोर्ट घेऊन नगरच्या डॉक्टरीणबाईंकडे निघालो, तर माझ्या नवऱ्याकडून कळल्यामुळे आत्या न बोलावता नगरच्या स्टँडवर पिशवी घेऊन हजर. डॉक्टरीणबाई समजावून सांगू लागल्या. पोटात बाळाची वार रुजायची तर नव्या रक्तवाहिन्या फुटाव्या लागतात. त्या वाढवणारा एक घटक शरीरात असतो, आणि तो बनवणाऱ्या जनुकात माझ्याकडे थोडा फरक आहे. अशा बायकांना धोका जरा जास्त असू शकतो. पण हेच कारण, असं छातीठोकपणे कोणी सांगू शकत नाही.

"आलं कुनाकडनं ते?" आत्यांनी चौकशी सुरू केली.

"आईकडून येतं, वडिलांकडूनही येतं. बाळात दोघांचं उतरतं, म्हणून यांचंही रक्त तपासू."

"आमच्या घराण्यात असलं कायबी न्हाई," आत्यांनी भाच्याचा निकाल सुईआधीच लावून टाकला.

डॉक्टरीणबाई हसल्या आणि माझ्याकडे वळल्या. आत्यांची सगळी कारणं मी त्यांना मागच्या खेपेलाच सांगितली होती. "पपई, स्कूटी, उंबरा, कशाचाही याच्याशी संबंध नाही. तुम्ही काही केलंत म्हणून हे झालेलं नाही."

या एका वाक्यासाठी मी चार वर्षं थांबले होते. आता आत्यांचं तोंड कसं होतं ते बघावं म्हणून मी मोठ्या तोऱ्यात वळले. आत्या खुर्चीच्या अगदी काठावर आल्या होत्या.

"आन भरला हंडा उचलला आसंल तर?"

"तरी नाही."

"चार येळा झालं. चारी येळा उचलला हुता."

आमच्याकडे स्वयंपाकघरात नळ आहे. हंडा मी जन्मात उचललेला नाही. हे सांगणार, तोच लक्षात आलं, माझ्या वेळा तीन होत्या, चार नव्हेत. आत्यांना मूलबाळ नाही, एवढंच आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ते का, हे कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

"चारही वेळा उचलला तरी नाही, आजी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

परतीच्या एसटीत आत्या माझ्याशेजारी खिडकीपाशी बसल्या. विळद मागं पडल्यावर म्हणाल्या, "सासू मरंस्तवर म्हनत हुती, हंड्यानं झालं. मला बी तसंच वाटत हुतं." आणि मग, "ती डाक्टरीन काय म्हनली, परत सांग." मी सांगितलं. राहुरी येईपर्यंत त्यांनी ते माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं, आणि तिसऱ्यांदा सांगताना मी त्यांचा हात हातात घेतला होता.